अलास्का क्रूझवर स्पेशालिटी रेस्टॉरंट नक्की कोणत्या रात्री बुक करायचं?

तीन वर्षांपूर्वी सिएटलहून पहिली अलास्का क्रूझ केली तेव्हा मी मोठी हुशारी करून मार्चमधेच, सेल बघून, स्टेकहाऊस बुक करून टाकलं होतं. सहावी रात्र, साडेसात वाजता. डोक्यात हिशोब असा की ट्रिप संपत आली की एक दणकून जेवण. त्या संध्याकाळी लिफ्टमधे एक काका भेटले, सूट-टाय, बूट चकाचक, आम्हाला बघून म्हणाले, "अरे, तुम्ही खाली नाही येत? आज लॉबस्टर आहे ना!" बायकोने माझ्याकडे जे बघितलं ते अजून आठवतंय. म्हणजे आख्ख्या आठवड्यात ज्या एका रात्री तिकिटाच्या पैशातच लॉबस्टर मिळतो, बरोब्बर त्याच रात्री आम्ही माणशी साठ डॉलर वर देऊन दुसरीकडे बसणार होतो. कॅन्सल करायला धावलो तर काउंटरवरची मुलगी गोड हसून म्हणाली, चोवीस तास आधी सांगायला हवं होतं. स्टेक चांगला होता हो, पण घशाखाली उतरेना.

ह्या वर्षी आई-बाबा नाशिकहून आले होते, त्यांना घेऊन परत गेलो, आणि ह्या वेळी हे काम नीट केलं. त्यानंतर ग्रुपमधले तिघं-चौघं विचारून गेले की कुठल्या रात्री काय बुक करू, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो.

ज्यांनी क्रूझ केलेली नाही त्यांच्यासाठी पटकन सांगतो. तिकिटात मेन डायनिंग रूम असते, म्हणजे टेबलावर बसून स्टार्टर, मेन, डेझर्ट असं वेटरने आणून दिलेलं जेवण, आणि वरच्या डेकवर बुफे असतो. ह्याशिवाय स्पेशालिटी म्हणजे स्टेकहाऊस, इटालियन, सुशी, तेपान्याकी (समोरच्या तव्यावर आचारी बनवून देतो ते जपानी जेवण) वगैरे, त्याचे वेगळे पैसे. स्टेकहाऊसचा दर हल्ली साधारण पन्नास डॉलरच्या वरच असतो, वर अठरा-वीस टक्के ग्रॅच्युइटी, म्हणजे टिप. चार मोठी माणसं, साठ डॉलरने दोन रात्री धरल्या तर ४८० आणि त्यावर वीस टक्के, म्हणजे ५७६ डॉलर झाले, आणि हे सगळं ज्या जेवणाचे पैसे आधीच भरलेत ते सोडून! त्यामुळे माझं मत विचाराल तर सात रात्रींत दोनच बस्स, तिसरी घेतलीत तर कोणाचा तरी वाढदिवस-बिढदिवस असला पाहिजे.

आता मुद्द्याचं. आपण काय करतो, आधी रेस्टॉरंट ठरवतो आणि मग जी वेळ रिकामी दिसेल ती दाबतो. उलट करा. एका कागदावर सात रात्री लिहा आणि ज्या रात्री स्पेशालिटीला जायचंच नाही त्या एकेक खोडत चला, जे उरेल तिथे बुकिंग. कुठलं रेस्टॉरंट हा प्रश्न सगळ्यात शेवटी.

सिएटलहून निघणाऱ्या सात रात्रींच्या क्रूझचा साचा बहुतेक ठरलेला असतो. पहिल्या दिवशी दुपारी चारच्या आसपास सिएटल सोडायचं, दुसरा दिवस पूर्ण समुद्रात, मग जुनो, स्कॅगवे, एक दिवस ग्लेशियरचा (ग्लेशियर बे किंवा एंडिकॉट आर्म), मग केचिकन, आणि सातव्या दिवशी संध्याकाळी कॅनडातलं व्हिक्टोरिया. क्रम जहाजागणिक इकडेतिकडे होतो, काहींना जुनोऐवजी आधी सिटका लागतं, पण तुमचा क्रम काही असो, विचार हाच चालतो.

पहिली खोडायची ती लॉबस्टरची रात्र. सात रात्रींच्या क्रूझवर बहुतेक मोठ्या लाईन्स (म्हणजे क्रूझ कंपन्या) दोन फॉर्मल नाईट, म्हणजे नटूनथटून जेवायला यायच्या रात्री, ठेवतात. नावं वेगवेगळी, कार्निव्हलवाले एलिगंट म्हणतात, सेलिब्रिटीवाले ईव्हनिंग शीक, आणि नॉर्वेजियनवर हा प्रकारच नाही. मेन डायनिंगमधे चांगला मेनू ह्याच रात्रींना लागतो आणि लॉबस्टर त्यातल्या एका रात्री, बरेचदा दुसऱ्या. पण 'बरेचदा'वर विसंबू नका. आमच्या पहिल्या ट्रिपला तो सहाव्या रात्री होता, ह्या वेळी पाचव्या. कळायचं कसं? सोपा उपाय म्हणजे ही जहाजं उन्हाळाभर दर आठवड्याला तोच फेरा मारतात, त्यामुळे आधीच्या आठवड्यात त्याच जहाजावर गेलेल्या कोणालाही विचारलंत तर रात्रवार मेनू कळतो, तुमच्या आठवड्यालाही सहसा तोच. ते जमलं नाही तर चढल्या चढल्या मेन डायनिंगच्या हेड वेटरला गाठा.

आणि हेड वेटरला गाठाच, हे मी वेगळं सांगतोय. ह्या जहाजांवर वेटर, कुक, हेड वेटर ह्यांच्यात गोव्याची माणसं भरपूर, पिढ्यानपिढ्या बोटीवर जाणारी. आमचा हेड वेटर मडगावचा निघाला. बाबांनी आडनाव वाचलं आणि सरळ मराठीत सुरू केलं, त्याने अर्धं कोंकणीत अर्धं मराठीत उत्तर दिलं, आणि पुढच्या दहा मिनिटांत आम्हाला लॉबस्टर कधी, प्राइम रिब कधी, कुठल्या रात्रीचा मेनू 'तसो साधोच' आहे, हे सगळं कळलं. वर त्याने आईला विचारलं, "मावशी, वरण-भात चालेल ना? आदल्या दिवशी सांगा फक्त." आईचा चेहरा काय खुलला! मेनूवर भारतीय व्हेज काहीतरी रोज असतंच, पण ती नेहमीची लाल ग्रेव्ही. हे वेगळं, किचनमधल्या भारतीय स्टाफने बनवलेलं, पातेल्यातून आलेलं पिवळं वरण आणि वर जिऱ्याची फोडणी. ह्याचे जास्तीचे पैसे नाहीत. तेव्हा घरात शाकाहारी माणूस असेल तर आधी हे बघा आणि मग ठरवा की स्पेशालिटीत त्यांना नेऊन उपयोग आहे का.

कारण स्टेकहाऊसमधे व्हेज माणसाला काय मिळतं तर बेक केलेला बटाटा, क्रीमवाला पालक, मशरूम, आणि मॅक अँड चीज. सगळी साइड डिश! पहिल्या ट्रिपला आमच्या शेजारच्या टेबलावर एक गुजराती काकू साठ डॉलर देऊन बटाटा खात होत्या, फार वाईट वाटलं. तेपान्याकीचं तर विचारूच नका, तो तवा एकच, त्यावर कोळंबी, चिकन, अंड्याचा भात सगळं नाचवून झाल्यावर तुमचा टोफू येतो, पोरांना तो कांद्याचा ज्वालामुखी बघायला जाम आवडतो पण आमच्या आईसारख्या माणसाला तिथे नेणं म्हणजे शिक्षा. व्हेजसाठी इटालियन हाच मार्ग. आणि एक गोष्ट आपल्या लोकांना उगीच जड जाते ती म्हणजे सगळ्यांनी एकत्रच गेलं पाहिजे असं काही नाही! आम्ही स्टेकहाऊसला फक्त दोघं गेलो, आई-बाबा आणि पोरगा खाली वरण-भातावर खूश. बारा जणांचा ग्रुप असेल तर तसंही ह्या छोट्या रेस्टॉरंटमधे एक टेबल मिळणं कठीण, दोन-तीन ठिकाणी वाटून बसवतात, आणि मग 'तुम्ही तिकडे का बसलात' सुरू.

दुसरी खोडायची ती बंदरात उशिरापर्यंत थांबायची रात्र. अलास्कात हा मुद्दा जास्त महत्त्वाचा, कारण जूनमधे जुनोला सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळतो आणि बऱ्याच जहाजांचा मुक्काम तिथे रात्री नऊ-दहापर्यंत असतो. तुम्ही व्हेल बघायला बोटीवर गेलात, मग मेंडेनहॉल ग्लेशियर केलं, की सात कधी वाजले कळत नाही, बाहेर लख्ख ऊन. आणि अशा वेळी साडेसातचं बुकिंग असलं की धावतपळत, ओल्या जॅकेटसकट, घड्याळ बघत जहाजावर परत. कशाला? जुनोला रस्त्याने जाताच येत नाही, राज्याची राजधानी असूनही, विमान नाहीतर बोट. मग पोचलोच आहोत तर जेवण तिथेच करा, ताजं हॅलिबट, सामन, किंग क्रॅबचे ते हातभर लांब पाय. क्रॅब स्वस्त नाही, पण स्पेशालिटीचे पैसे वाचलेत ना, त्यात बसतो. बाबांनी धक्क्याजवळच्या बाकावर बसून क्रॅबचा पाय फोडला आणि एवढंच म्हणाले, "रत्नागिरीला ह्याला कोणी खेकडा म्हणणार नाही." कौतुक होतं की तक्रार ते अजून कळलेलं नाही.

तिसरी, व्हिक्टोरियाची म्हणजे शेवटची रात्र. इथे जहाज थांबतं कशासाठी तर अमेरिकेचा १८८६ सालचा एक कायदा आहे, परदेशी झेंड्याच्या जहाजाला अमेरिकेतल्या एका बंदरातून माणसं भरून मधे कुठलंही परदेशी बंदर न घेता त्याच देशात उतरवता येत नाही. म्हणून सिएटल-सिएटल क्रूझला कॅनडाचा एक टिळा लावावा लागतो, आणि तो बरेचदा लागतो संध्याकाळी सहा ते आठच्या मधे कधीतरी, मध्यरात्रीच्या आत परत निघायचं. (जाता जाता: भारतीय पासपोर्ट आणि ग्रीन कार्ड नाही, तर कॅनडाचा व्हिसा लागतो, उतरणार नसलात तरी. आई-बाबांचा आधी काढा, नाहीतर सिएटललाच जहाजात चढू देणार नाहीत. शिवाय अमेरिकेचा व्हिसा मल्टिपल एंट्री आहे ना तेही बघा.)

तर ह्या रात्री काय होतं की उतरायचं म्हणून पाच-साडेपाचला जेवायला बसावं लागतं. वर घड्याळाची गंमत. अलास्काची वेळ सिएटलपेक्षा एक तास मागे, त्यामुळे जाताना पहिल्या किंवा दुसऱ्या रात्री घड्याळ तासभर मागे जातं आणि व्हिक्टोरियाच्या आधी परत तासभर पुढे. म्हणजे सातव्या दिवशी साडेपाचचं जेवण हे पोटाच्या हिशोबाने साडेचारला! भूक कोणाला असणार, आणि त्यात बॅगा भरून रात्री दाराबाहेर ठेवायच्या असतात. अपवाद एकच, तुम्ही व्हिक्टोरियाला उतरणारच नसाल. मग त्या रात्री अर्धं जहाज रिकामं असतं आणि आठला स्टेकहाऊसमधे बुकिंगशिवाय सुद्धा टेबल मिळू शकतं. दोघंच असाल, पोरंबाळं नसतील, बॅगा भरून झाल्या असतील, तर हा प्रकार झकास आहे.

आता चौथी गोष्ट कोणी सांगत नाही, ती म्हणजे खिडकी. बुक करायच्या आधी डेक प्लॅनमधे बघा की ते रेस्टॉरंट जहाजाच्या कडेला आहे की मधोमध. बरीच स्टेकहाऊस मधोमध असतात, काळोखी, लाकडी भिंती, मंद दिवे, खिडकी नाहीच किंवा असली तर एका कोपऱ्यात. हिवाळ्यातल्या कॅरिबियन क्रूझवर ह्याने फरक पडत नाही, सात वाजता बाहेर अंधारच असतो. पण अलास्कात जेवणाच्या वेळी बाहेर दिवस असतो. स्कॅगवेहून निघालं की जहाज लिन कनालमधून खाली येतं, नाव कनाल पण खरं तर हा फियोर्ड, म्हणजे डोंगरांमधे शिरलेली समुद्राची अरुंद खाडी, नव्वदेक मैल लांब, खोली दोन हजार फुटांच्या वर, दोन्ही बाजूला बर्फाचे डोंगर सरळ पाण्यात उतरलेले, त्यावर नऊ-साडेनऊचं ते पिवळं ऊन, नशीब असेल तर व्हेलचा फवारा. आणि तुम्ही त्या वेळी बिनखिडकीच्या खोलीत वाइनची लिस्ट वाचताय!

त्यामुळे स्कॅगवेच्या रात्रीसाठी माझा नियम असा: खिडकीवालं रेस्टॉरंट असेल तर हीच रात्र सगळ्यात भारी, खिडकीचं टेबल मागून घ्या. नसेल तर खोडा. आमच्या जहाजावरचं इटालियन खिडकीवालं होतं पण त्या रात्रीच्या साडेसहा-सातच्या वेळा कधीच गेल्या होत्या, म्हणून आम्ही बुफेत लवकर पोटभर खाल्लं आणि थर्मास घेऊन डेकवर. आईला तिथेच चहा लागला. पोरगा त्या दिवशीच्या व्हाइट पास रेल्वेच्या प्रवासाने इतका दमला होता की माझ्या खांद्यावर झोपला, हा त्या रेस्टॉरंटमधे झोपला असता तर मुलांच्या दराचेही पैसे पाण्यात.

ग्लेशियरच्या दिवसाबद्दल लोक विचारतात. त्या दिवशी बंदर नसतं, दुपारपर्यंत जहाज ग्लेशियरपासून बाहेर पडतं आणि संध्याकाळ मोकळी, त्यामुळे वरवर बघता बुकिंगला उत्तम. पण बहुतेकांना नेमकं तेच सुचतं, वेळा पटापट संपतात, आणि आपण सकाळी सहापासून टोपी-मफलर लावून डेकवर उभे असतो त्यामुळे संध्याकाळी साडेसातला डोळे मिटायला लागतात. घ्यायचंच तर सहाचं घ्या. आमच्या ह्या वेळच्या जहाजावर लॉबस्टर त्याच रात्री होता त्यामुळे प्रश्नच मिटला.

मग समुद्र. हे जरा नीट समजून घ्या कारण पैसे पाण्यात जायचा खरा रस्ता हाच. सिएटलहून दुपारी चारला निघालं की पहिले सहा-सात तास जहाज प्यूजेट साउंड आणि मग हुआन दे फुका सामुद्रधुनीतून जातं, दोन्ही बाजूला जमीन, पाणी बहुतेक शांत. रात्री दहा-अकराच्या पुढे खरा प्रशांत महासागर सुरू होतो आणि मग दुसरा आख्खा दिवस व्हँकूव्हर आयलंडच्या बाहेरच्या बाजूने, उघड्या समुद्रात. व्हँकूव्हरहून निघणारी जहाजं आतल्या बाजूने, इनसाइड पॅसेजने जातात त्यामुळे त्यांना हे कमी लागतं, सिएटलवाल्यांना लागतं. म्हणजे पहिली संध्याकाळ शांत आणि दुसरी डळमळीत. आणि लोक करतात काय, पहिला दिवस दगदगीचा म्हणून सोडतात आणि 'सी डे आहे, निवांत जेवू' म्हणून दुसरी रात्र बुक करतात. पहिल्या ट्रिपला दुसऱ्या रात्री आमच्या मजल्यावर जिन्याच्या कठड्यांना उलटीच्या कागदी पिशव्या अडकवून ठेवल्या होत्या, तोरणासारख्या. त्या बघितल्यावर रिसोट्टो कोण खाणार? शिवाय दुसरी रात्र बहुतेक पहिली फॉर्मल नाईट असते, मेन डायनिंगचा मेनू चांगला असतो, आणि मेन डायनिंग खालच्या डेकवर असल्याने हलतंही कमी. जहाजात आपण जितकं वर आणि जितकं टोकाला तितका झोका मोठा, हे साधं गणित आहे. आईने नाशिकहून आलेपाकाच्या वड्या आणल्या होत्या, त्या दिवशी शेजारच्या केबिनवाल्या अमेरिकन आजींनाही दिल्या, त्यांनी दुसऱ्या दिवशी येऊन अजून मागितल्या.

त्याच दुसऱ्या दिवशी एक सोय मात्र असते, काही जहाजांवर सी डेला स्पेशालिटी रेस्टॉरंट दुपारी उघडी असतात आणि रात्रीपेक्षा बऱ्याच कमी दरात जवळपास तोच मेनू मिळतो. जहाज शांत असेल तर सकाळी उठून बघा आणि मग ठरवा, आधी पैसे अडकवू नका.

म्हणून आमची पहिली पसंती पहिली रात्र. हे ऐकून लोक तोंड वाकडं करतात. पण बघा, बरेच जण विमानाने आलेले, दमलेले, बुफे शोधत फिरत असतात, मेन डायनिंगमधे पहिल्या दिवशी गोंधळ असतो, कोणाचं टेबल कुठलं, वेटरला नावं पाठ नाहीत. तेव्हा स्पेशालिटीत शांतता, स्टाफ निवांत, आणि बऱ्याच लाईन्स पहिल्या रात्रीसाठी काहीतरी सूट देतात कारण टेबलं रिकामी असतात. आम्ही सिएटलच्याच बाजूला राहतो, घरून पाऊण तासात धक्क्यावर, त्यामुळे दमायचं कारण नव्हतं. तुम्ही न्यू जर्सीहून सहा तास उडून त्याच दिवशी चढणार असाल, किंवा आई-बाबा भारतातून येऊन चारच दिवस झाले असतील, तर मात्र ही रात्र सोडा, जेटलॅगमधे माणूस सूपमधे डोकं घालून झोपतो. आणि एक पथ्य: त्या दिवशी दुपारी चढल्यावर बुफेवर तुटून पडू नका. कठीण आहे, मान्य.

उरली सहावी, केचिकनची. इथे बहुतेक जहाजं सकाळी लवकर येतात आणि दुपारी निघतात, त्यामुळे संध्याकाळ हातात असते. केचिकनला वर्षाला साडेतीन मीटरच्या आसपास पाऊस पडतो, महाबळेश्वरपेक्षा कमी पण थंडगार, आणि आम्ही दोन्ही वेळा भिजूनच परत आलो. गरम पाण्याने अंघोळ, तासभर झोप, आणि मग आवरून सात वाजता व्यवस्थित जेवण, मस्त जमतं. समुद्र त्या रात्री पुन्हा उघडा असतो हे खरं, पण पाच दिवसांत पाय सरावलेले असतात, आणि आपल्याला हलण्याचा त्रास होतो की नाही हे एव्हाना कळलेलं असतं. बिनखिडकीचं स्टेकहाऊस ह्याच रात्री घ्या, बाहेर बघण्यासारखं फारसं काही सोडत नाही. अट एकच, आधी लॉबस्टरची खात्री करा, माझी पहिली ट्रिप आठवा.

ह्या सगळ्यात आपल्याकडची एक चाळणी वेगळीच. बुकिंगच्या आधी कालनिर्णय बघा! मी बघितलं नव्हतं. आईची संकष्टी बरोबर जुनोच्या दिवशी आली. बरं, नाशिकची वेळ कालनिर्णयमधे मिळते, पण जुनोला जूनमधे चतुर्थीचा चंद्र मध्यरात्र उलटून गेल्यावर उगवतो, तोही डोंगराआडून, ढग नसतील तर, आणि तोपर्यंत जहाजावर पिझ्झा सोडून सगळं बंद. बाबा म्हणाले, नाशिकच्या चंद्रावर सोड, तो आपल्या सकाळी साडेआठला उगवतो. आई हसली नाही. शेवटी तिने दिवसभर फळं खाल्ली आणि मडगावच्या त्या भल्या माणसाने रात्री केबिनमधे झाकून वरण-भात पाठवला. त्या रात्री आमचं पन्नास डॉलरचं बुकिंग असतं तर? श्रावणात जाणार असाल तर सोमवार, शनिवार, एकादशी, सगळं आधी विचारून घ्या, जहाजावर चढल्यावर "अगं बाई, उद्या तर…" असं ऐकायला लागलं की काही खरं नाही.

वेळ कुठली घ्यायची हेही सांगतो. स्पेशालिटीत जेवण दोन तास चालतं, कधी जास्तच. थिएटरचे शो साधारण सात आणि नऊच्या आसपास असतात. नऊचा शो बघायचा तर सव्वासहाला बसा, साडेसातला बसलात तर डेझर्ट टाकून पळावं लागतं आणि डेझर्टसाठीच तर गेलो होतो. तेपान्याकीची वेळ मात्र ठरलेली असते, सगळे एकदम बसतात, दहा मिनिटं उशीर झाला तर जागा गेली. आठ-दहा वर्षांचं पोर असेल तर आठनंतरचं काही घेऊ नका, किंवा किड्स क्लबमधे सोडा, तिथे त्याला तुमच्यापेक्षा जास्त मजा येते हे मान्य करून टाका.

बुकिंगचं तंत्र असं की ऑनलाईन आधी घेतलं तर सहसा जहाजावरच्या दरापेक्षा स्वस्त पडतं, आणि सेल येत-जात असतात, स्वस्त झालं की जुनं कॅन्सल करून नवीन घ्यायचं, चढायच्या आधी पैसे परत येतात. दोन-तीन जेवणांचं पॅकेज घेतलंत तर काही लाईन्सवर आधी रात्री निवडता येत नाहीत, चढल्यावर निवडायच्या. तेव्हा चढलात की बुफेच्या रांगेत उभं राहू नका, एकाने पोरं-बॅगा सांभाळायच्या आणि एकाने सरळ रेस्टॉरंटच्या दारात जायचं, तिथे माणूस आयपॅड घेऊन बसलेला असतो. दीड वाजता गेलो तर मला हव्या त्या दोन्ही वेळा मिळाल्या, माझा मित्र चारला गेला तर त्याला पावणेसहा नाहीतर पावणेनऊ. मेन डायनिंगमधे रोजचं ठरलेलं टेबल असेल तर तुमच्या वेटरला आदल्या रात्री सांगा की उद्या आम्ही येणार नाही, तो बिचारा तुमचं पाणी भरून वाट बघत बसतो.

आमचं शेवटी असं झालं: पहिल्या रात्री पाचही जण खिडकीशेजारी इटालियन, बाहेर ढगांतून माउंट रेनियर दिसत होता तोपर्यंत कोणी मेनू उघडला नाही. सहाव्या रात्री आम्ही दोघं स्टेकहाऊस. पाचव्या रात्री लॉबस्टर, बाबा कोट घालून सगळ्यांच्या आधी टेबलावर, आणि त्यांनी एक संपवल्यावर मडगाववाल्याने न विचारता दुसरा आणून ठेवला.

आणि एक राहिलं. हवा खराब असेल तर कॅप्टन एखादं बंदर ऐनवेळी रद्द करतो, अलास्कात हे अधूनमधून होतं. स्पीकरवर घोषणा झाली की लोक पाच मिनिटं हळहळतात. तेवढ्या वेळात जहाजाचं ॲप उघडून त्या रात्रीचं टेबल शोधायचं, कारण त्यानंतर जहाजावरची सगळी माणसं तेच करणार असतात.